टिळकवाडीखाली

घरात शिरलो की आधी भिंतीला तळहात लावतो.
मीटर पिशवीत असतो, तो नंतर.
मोनाप्पा शिडी धरून विचारतो, "किती रे, चाळीस?"
थांब की जरा, म्हणतो, भिंत अजून बोलंना.

शहापुरात भिंत हातभर जाड.
माती, गूळ, भाताचं तूस, काय काय मळलंय त्यात.
एप्रिलात दुपारी तीनला आत गेलं
की कानाच्या पाळ्या थंड होतात.
फक्त कौलाखाली फट. डिसेंबरात तिच्यातून
वारा वसुलीला आल्यासारखा येतो.
फळ्या ठोकल्या, चुना भरला,
दोनशे घेतले, चहा घेतला.

टिळकवाडीत किल्लेकर बाईंनी
कौलं उतरवून स्लॅब टाकला, ब्याऐंशी साली.
पेढे वाटले होते, म्हणाल्या.
आता रात्री अकरालाही पंखा गरम हवाच ढवळतो.
"वर ते पांढरं काय ते लावा,
पण कुरडयांची जागा सोडा."
सोडली. चार बाय सहा.
तेवढा चौकोन अजून तापतो.

खासबागेत कामकरअण्णा माग थांबवून म्हणाले,
"उकाडा घालव, ओल घालवू नको. सूत तुटतंय."
खड्ड्यात पाय सोडून बसलेला माणूस,
वर बघायलाही तयार नाही.
त्या दिवशी छताला काही न लावता परत आलो.

रामतीर्थनगरात घर तीन वर्षांचं.
पोकळ ठोकळ्यांची चार इंची भिंत,
पश्चिमेला काच, केवढी तर केवढी.
"होस मनी रीऽ," हुक्केरीअक्का म्हणतात, नवं घर,
जणू ऊन वय विचारून आत येतं.
दीड लाखाचा अंदाज लिहून दिला.
त्यांनी तो कागद हलवून वारा घेतला.

आणि कणबर्गीला माझा पत्रा.
खालून उरलेसुरले तुकडे चिकटवलेत:
रामतीर्थनगरची चंदेरी पट्टी,
टिळकवाडीचा थर्माकोल,
शहापूरची एक फळी, वाळवीनं कोरलेली.
धाकटी अंथरुणावर उताणी पडून
वरच्या गल्ल्या वाचते.
"आज मी टिळकवाडीखाली झोपणार!"
रोज भांडण. शेवटी थोरला उठतो,
उशी ओढत कोपऱ्यात जातो,
जिथं नुसता पत्रा आहे,
म्हणतो, "मला आपलं कणबर्गीच बरं."

मीटर मी घरी आणत नाही.
मोनाप्पाच्या पिशवीत राहू दे म्हणतो.