शिफ्ट दाबून

नाव मी सुचवलं. आत्याचा मान तेवढाच,
बाकी कुंचीचा खर्च.
बाळ तेव्हा पोटात होतं, आणि आतून
लाथा कोण मारतंय हे सांगायची डॉक्टरांना बंदी.
म्हणून असं नाव हवं होतं
जे दाराशी चपला काढताना विचारणार नाही
आत कोण आहे.

बरेच दिवस विशेषणं चाचपत बसले.
देखणा म्हटलं की मागून देखणी,
शहाणा म्हटलं की शहाणी,
सगळ्यांच्याच टोकाला मिशा नाहीतर बांगड्या.
मग एका दुपारी, एक दिवसाआड येणारी नर्मदा
बादलीत भरून तुरटी फिरवली, विसरून गेले,
आणि परत आले तर तळाची चीर दिसत होती.
नितळ पाणी. नितळ काच. नितळ आवाज.
कुणाच्याही घरी गेलं तरी कपडे न बदलणारा शब्द.

बारशाला कानात कुर्र केलं, पाठीत बुक्के खाल्ले.
पुण्याच्या मावशीने पाळण्यापाशीच मोबाइल काढला:
दहा हजार नावांच्या यादीत हे नाही.
म्हणजे नवीन, मी म्हणाले.
म्हणजे चुकलंय, मावशी म्हणाली.

झोन ऑफिसच्या खिडकीत चौरसियाजी.
"नाम?"
नितळ.
"शीतल?"
नितळ.
"मीतल. सरनेम है?"
मी जीभ मागे नेऊन दाखवली,
टाळूला टेकवायची, मग सोडायची,
ओलं फडकं दोरीवर झटकतात तशी.
चौरसियाजींनी पान गालात सरकवून मनापासून प्रयत्न केला.
आधी ड आला, मग र, मग सॉरी.
"मैडम, ये अक्षर अपने यहाँ आता नहीं."
जसं काही पार्सल.
आहे, मी म्हटलं, तुमच्या कीबोर्डवरच आहे,
ल च्याच बटणावर, वरच्या मजल्यावर राहतो.
शिफ्ट दाबा.
शिफ्ट मे महिन्यापासून अडकलेलं होतं.
दाखल्यावर आलं: नितल.
पुढचा रकाना मात्र त्यांनी
न अडखळता भरला.

त्यानंतर नाव चाललं. खरंच चाललं.
कुशवाह काकींनी नातवाला ठेवलं,
पलीकडच्या गल्लीत जैनांनी नातीला,
आता सुदामानगरच्या बालवाडीत तीन नितल आहेत.
"बड़ा यूनिक नाम है," काकी मलाच समजावतात,
"हमने तो नेट पे ढूँढा."
मी पोहे खाते, वरची शेव संपवते.

आमचं ध्यान अडीच वर्षांचं. त्याला ळ येत नाही,
स्वतःला नितय म्हणतं,
आणि नितल म्हणून बोलावलं तरी जातं,
बिस्किट असेल तर नाव काय बघायचं.
भाऊसुद्धा ऑफिसातून विचारतो, नितल ने दूध पिया?
मी टोकलं तर म्हणतो, ताई, सोड ना,
एका काण्याकोपऱ्यातल्या अक्षरासाठी.

परवा फाटकाला लोंबकळत होतं.
धापूबाई देपालपूरकडून येते, डोक्यावर पाटी,
पाटी उतरवता उतरवता म्हणाली, "कंई नाम हे?"
दमलेली होते. तरी सवयीने खरं निघालं.
"नितळ," ती म्हणाली.
एकदाच. मेथीची जुडी झटकता झटकता,
जीभ कुठे ठेवायची हे न विचारता.
"रूपाळो नाम हे."

मी मुळे निवडायचं सोडून तिच्या तोंडाकडे बघत राहिले.
परत म्हणा, म्हटलं.
तिला वाटलं भाव. "बीस की दो."
नाही, नाव.
"नितळ, नितळ," ती हसली, पुढचे दात नसलेली,
आणि मी वेड्यासारखं विचारलं,
तुम्ही मूळच्या कुठल्या?
"माळवा की, ओर कां की?"

माळवा.
समोरच्या किराणा दुकानाच्या पाटीवर
मालवा लिहिलंय, बसवर मालवा, गिरणीच्या नावात मालवा,
आणि ही बाई रोज पहाटेच्या टेम्पोने
ते अक्षर शहरात आणते, कोथिंबिरीखाली,
ओल्या गोणपाटात.

चार जुड्या घेतल्या. घरात मेथी कुणाला आवडत नाही.
घासाघीस केली नाही.