चतुःसीमा

नेटवर्क फक्त पाण्याच्या टाकीखाली मिळतं,
म्हणून बाबा प्लास्टिकची खुर्ची घेऊन तिथं बसतात
आणि मी फोन आडवा धरून उभा राहतो,
उतार पूर्ण दिसावा म्हणून.

तिकडे पोर्तुगालात दुपार.
संघमित्राताई एका दगडी घरासमोर,
मागे जैतुनाची सहा झाडं,
शेजारी दलाल, काळ्या चष्म्यात, हसतमुख.
ताई खिडक्या दाखवते. निळ्या. लाकडी.
बाबा बघतच नाहीत.
‘घर पडते, पुन्हा बांधता येते. धुरा दाखव.’

एकतीस वर्षं भूमापक.
मूर्तिजापूर, कारंजा, मंगरूळपीर.
तेहतीस फुटांची साखळी, सोळा आण्यांची,
ओढली लोकांच्या तुरीतून, पऱ्हाटीतून.
भाऊ भाऊ कुऱ्हाड घेऊन उभे असताना
मधोमध खुंटी ठोकली
आणि चहा मात्र बांधावर, वेगळ्या कपातून प्यायले.

‘इसार किती?’
दहा टक्के.
‘तू मांगं फिरली तर?’
बुडतो.
‘अन् तो फिरला तर?’
दुप्पट देतो, बाबा.
‘कायदा बरा हाय,’ म्हणतात, आणि मग आवाज खाली,
‘वकील कोनं देल्ला?’
ताई दलालाकडे बघते.
बाबा खुर्ची पुढे ओढतात.
‘मंग तो त्याचा वकील झाला. तू आपला कर.’

वारस तीन. एक ब्राझीलला, सोळा वर्षं पत्ता नाही.
त्याची सही आल्याबिगर
एक पैसा सोडू नको, पोरी.
आन् उन्हाळ्यात घेऊ नको घर.
पाऊस पडते तवा जाय एकडाव,
पानी कुठून येते ते पाय, कुठं जाते ते पाय.
कागदावर पानी दिसत नाई.

टाकीवर देवानंदनं मोटार सुरू केली.
पाइप थरथरला, दोन मिनिटं नुसते ओठ हलले.

मग आवाज आला, तेव्हा बाबा विचारत होते,
‘ते फयं खाते कोन?’
ताईनं दलालाला विचारलं. त्याचं हसू जरा थांबलं.
शेजारची म्हातारी. चाळीस वर्षं झाली, तीच झोडपते,
तीच तेल काढते.
कागदात नाही.
मला वाटलं, आता म्हणतील, सौदा मोड.

‘खाऊ दे तिले.
पन तुह्या हातानं चिठ्ठी लिव,
का माह्या परवानगीनं खाते. तिचा अंगठा घे.
परवानगीनं खाल्लेल्या फयाची वहिवाट होत नाई.
आन् दरसाल एक बाटली तेल माग.
नाई देल्लं तरी माग.’

गेल्या महिन्यात कारंज्याच्या बँकेत
ग्रॅच्युइटीतले चार लाख पाठवायचा फॉर्म भरला.
कारणाच्या रकान्यात बाबांनी लिहिलं, जमीन.
कारकुनानं विचारलं, इथं किती आहे तुमची?
त्यांनी खिशाला पेन लावलं
आणि पावती मागितली.

‘आता चाल,’ फोनला म्हणाले.
‘एक साखळी म्हंजे तुही तेरा पावलं,
दहावीत मोजली होती आपन. आता बारा धर.’

ताईनं चप्पल काढली.
वाळल्या गवताचा आवाज,
मधे कुत्रं भुंकलं, दलालानं काहीतरी म्हटलं,
ती थांबली नाही.
बाबांचे डोळे मिटलेले, अंगठा बोटांच्या पेरांवर.

‘किती?’
चार साखळ्या, दहा आणे.
‘कागदावर?’
साडेचार.
टाकी भरून वाहू लागली. माझी पाठ भिजली.
‘दोन आणे जास्तीचे हायेत,’ बाबा म्हणाले,
‘चार फूट.
कोनाचे हायेत ते पाय आंधी.
म्हातारीकडूनच सुरुवात कर.’