ओलबी

गावाचं नाव ओलबी.
ओल नावाचा कुणी डेनिश माणूस होडीतून उतरला,
त्याची 'बी', म्हणजे वस्ती,
एनिड ब्रॅकनबरी सांगत होत्या
चर्चच्या गंजक्या कुलपाशी झटत.
मी मान डोलावली.
माझ्या भाषेत हे नाव आधीच पेरणीला तयार आहे,
हे त्यांना कसं सांगणार?

मी भिंतींतली ओल मोजतो. पोटापाण्याचा धंदा.
यंत्राच्या दोन सुया चुन्यात टोचायच्या,
आकडा वहीत.
वेदीमागे बावीस, उत्तरेच्या भिंतीला एकतीस.

घरं नऊ. दुकान नाही. बस गुरुवारी,
तीही कुणी हात केला तर थांबते.
'चाळीस उंबरे होते,' एनिडबाई म्हणाल्या
आणि दारातूनच कुरण दाखवलं.
कलत्या उन्हात गवताखाली उंचवटे दिसत होते,
पांघरुणाखाली गुडघे दिसावेत तसे.
'ती गल्ली. ते तळं. तिथे रॉफीची भट्टी.'
भट्टीत मेंढ्या चरत होत्या.

तेराशे एकोणपन्नासच्या एका उन्हाळ्यात
ओलबीला तीन पाद्री झाले.
लाकडी फळ्यावर नावं आहेत. तिसऱ्याचं नुसतं 'हॅमो',
आडनाव विचारायला कुणी उरलं नसेल.
मग जमीनदाराला लोकरीची चटक लागली.
माणसांपेक्षा मेंढ्या परवडल्या, एनिडबाई म्हणाल्या,
गेल्या मार्चात घडल्यासारख्या चिडून.

उत्तरेच्या भिंतीवर चुन्याचा पापुद्रा सुटला होता.
ब्रश नुसता टेकवला.
आत तांबडा बैल.
पाय पाच.
चितारणाऱ्याचा एक चुकला असणार.
त्याने वर चुना फासला, शेजारी नवा काढला,
कोणाला कळतंय म्हणून जेवायला गेला असेल.
सहाशे वर्षं लागली,
पण ओलीने चहाडी केलीच.

एनिडबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.
बोट न लावता मोजले.
'एक्काहत्तर वर्षं मी याच भिंतीला टेकून बसते,' म्हणाल्या,
'आणि हा पाठीमागे उभा!'

अहवालाचा नमुना छापील असतो:
कारण, उपाय, खर्च.
उपायात मी डोळे मिटून लिहितो,
जुना थर खरवडून नवा गिलावा.
त्या दिवशी रकाना कोरा राहिला.
थर्मासमधला चहा आम्ही दोघांनी एकाच झाकणातून प्यायलो,
बैलाकडे तोंड करून.
बाहेर बस आली,
जराशी हळू झाली,
गेली.