नस उभी हवी

मशीन आलं तेव्हा कुणी विचारलंच नाही
की ते ऐकणार कुणाचं.
आठ बाय चारचा पलंग, वर तीन किलोवॅटचं स्पिंडल.
शिवण्याच्या शेडमध्ये क्रेनने उतरवलं,
नारळ फोडला, हप्ते सुरू झाले,
आणि मग कळलं,
याला ना पेन्सिलीची रेघ समजते ना माझं बोट.
मधे एक दुभाषा लागतो.

दुभाषे तीन होते.

पहिला महिन्याच्या भाड्यावर.
भाडं थकलं की तुमचीच चित्रं तुम्हाला दाखवत नाही,
घरमालकाने कुलूप बदलावं तसा.
दुसरा एकरकमी.
आकडा ऐकून मी चहाचा कप खाली ठेवला.
तिसरा फुकट, भाच्याने पेनड्राइव्हवर आणलेला.
त्याच्यासोबत आणखी कोण कोण आत शिरलं
ते लॅपटॉप अजून एकेक करून सांगतोय.

पहिल्याचा डेमो द्यायला निनाद पारखी आले
ते नेमके गुरुवारी.
गुरुवारी आमच्याकडे लाईट नसते,
फोनवर बजावलं होतं.
म्हणाले, काळजी नको मॅडम, सगळं क्लाउडवर आहे.
राउटर बंद.
दोन्ही राउटर बंद.
त्यांच्या मोबाइलच्या नेटवर एक निळं वर्तुळ
फिरत राहिलं, फिरत राहिलं,
त्यांनी दारात जाऊन हात उंच करूनही पाहिला.
तेवढ्यात मांगीलालजींनी
कानावरची पेन्सिल काढून
प्लायच्या तुकड्यावर अख्खी जाळी आखली,
आणि पारखींना विचारलं,
साखर चालते ना?

रात्री लाईट आल्यावर मी एकटी बसले.
तिघांनाही एकच काम दिलं:
बावधनच्या फ्लॅटची कपाटं, सागाचं व्हिनिअर,
अकरा दारं, सहा ड्रॉवर.
फुकट्याने हिशेबाच्या मध्येच मान टाकली.
भाडेकरूने चार शीट मागितल्या.
एकरकमीवाल्याने सगळं फिरवून, सरकवून,
कोपऱ्यात कोपरा घालून
तीनात बसवलं.
एक शीट वाचली! मी मांगीलालजींना हाक मारली,
जसं काही ती मीच वाचवली होती.

त्यांनी चष्मा शर्टाला पुसला.
स्क्रीनला नाक लावून बराच वेळ पाहिलं.
बावीस वर्षं पुण्यात आहेत,
मराठीला अजून पालीच्या रेतीचा वास येतो.
म्हणाले, ताई, हा दरवाजा झोपलाय.
हा पण झोपलाय.
हे चार उभे आहेत. हा परत झोपला.
साग उभा वाढतो नं?
मग कपाटात त्याला का निजवता?

मला दिसल्या होत्या त्या नुसत्या चौकटी.
त्यांना आत नस दिसत होती,
जी स्क्रीनवर नव्हतीच.

मग शोध.
एकरकमीवाल्याच्या तिसऱ्या मेनूत, अगदी तळाशी,
तांदळाएवढा एक चौकोन सापडला:
तुकडा फिरवू नये.
भाडेकरूकडेही तो होता,
पण वरच्या मजल्याचं भाडं भरणाऱ्यांसाठी.
टिक केली.
तीनाच्या परत चार शीट झाल्या.
जूनची भिशी माझ्या नावावर निघाली,
ती त्या तांदळात गेली.

आता रोज सकाळी मांगीलालजी
स्पिंडलला हात लावायच्या आधी विचारतात,
टिक केली?
सॉफ्टवेअरचं नाव त्यांनी कधी विचारलं नाही.
आतला कोपरा मात्र अजून त्यांचाच.
बिट गोल, कोपरा चौकोनी,
स्क्रीन म्हणते जमलं, लाकूड म्हणतं तीन मिलीमीटर बाकी.
ते पटाशी दगडावर घासतात,
दोन ठोके, एक फुंकर.

चौथ्या शीटचा उरलेला तुकडा
भिंतीला टेकून पडला होता.
त्याचंच लॅपटॉपला टेबल केलं.
घाईत कापलं.
त्याची नस आडवी आहे.
दोघांनाही दिसते,
दोघंही त्यावर चहा ठेवतो.