एकशे सात

पंधरा बंगल्यातला साहेब बदलून गेला
तेव्हा अण्णांनी आणला तो मेकॅनोचा डबा,
झाकणाला पोचा आलेला.
भुसावळची मे महिन्यातली दुपार,
खिडकीच्या वाळ्यावर पाणी मारून
आम्ही फरशीवर पालथे.

खेमचंद चित्र बघून क्रेन करायचा.
एक भोक चुकलं
तर पहिल्या स्क्रूपासून सगळं पुन्हा.
जेवायची हाक त्याला ऐकू येत नसे.

कोकिळाला पुस्तिका नकोच.
पट्टीला पट्टी, चाक कुठेही.
"हे काय गं?"
"थांब ना, झाल्यावर कळेल."
चार वाजेपर्यंत ते काहीतरी व्हायचं,
मग दोरी बांधून गल्लीभर खडखड,
येताना निम्मं सांडलेलं.

शेजारचा भिला बांधायचाच नाही.
क्रेन पुरी झाली की दारात उभा,
"आते मी सोडू का?"
आणि एकेक नट असा सैल करायचा
जसं झोपलेल्या बाळाच्या मुठीतून
आपलं बोट काढून घ्यावं.

मी नुसते नट निवडायचे.
कळण्याच्या परातीत
पितळी इकडे, गंजके तिकडे.
एकशे सात.

लोकोशेडातून अण्णा आले की विचारायचे,
"काय बनवलं आज?"
तिघं एकदम बोलायचे.
मी म्हणायचे, एक कमी आहे.

मग अण्णा, अंगावर अजून ऑइलचा वास,
बॅटरी घेऊन पलंगाखाली वाकायचे,
आणि मी त्यांच्या शेजारी पालथी,
उजेडाचा गोल
अंधारात सरकताना बघत.

कधीकधी तो नट
माझ्याच मुठीत असायचा.