हेड किती?

बिरनाळेंच्या दुकानात पहिला प्रश्न हाच:
"सिस्टर, हेड किती?"
मी म्हटलं, एकच आहे, तेही हल्ली दुखतं.
ते हसले नाहीत. कानावरची पेन्सिल काढली,
बिलबुकाच्या पाठीवर माझं घर काढलं,
जमिनीत अर्धी पुरलेली टाकी, वर गच्ची,
मध्ये एक उभी रेघ.
"तळापासून शेवटच्या कुंडीपर्यंत
पाण्यानं चढायचं किती, ते हेड.
शिवाय प्रत्येक एल्बो थोडा दम खातो."

मला लगेच पटलं.
एकतीस वर्षं मिरजेच्या दवाखान्यात
बाटली किती उंच टांगायची
हे मी हातानंच ठरवत आले.

भाचा म्हणाला होता, एकचा घे, पुढं उपयोगी पडेल.
बिरनाळे अर्ध्यावर आले.
मी पाव हॉर्सपॉवर मागितला.
"एवढ्याशानं काय होणार?"
छत्तीस कुंड्या, एक लिंबू, एक कढीपत्ता,
आणि मकबूलभाईंनी दिलेल्या बीचा
कडू भोपळ्याचा वेल.
यातल्या कुणालाच धार नको आहे.

यल्लाप्पा रविवारी आला, मी प्रार्थनेहून परतल्यावर.
विटा मांडल्या, विटांवर रबर, रबरावर पंप.
टाकीचं झाकण उघडलं
तर जुलैचं पाणी तसंच, काळं, गार,
त्यात पन्हाळीतून आलेलं एक पीस.
फूटव्हॉल्व्ह तळाच्या वीतभर वर सोडला,
गाळ पिऊ नये म्हणून.
मग तांब्यानं पाणी ओतत बसला
बुडबुडे थांबेपर्यंत.
मी म्हटलं, नळीत हवा राहिली तर जीव जातो.
"पंपाचा? जातो की."
मी पुढं काही बोलले नाही.

बटण दाबलं.
पाणी आलं, पण खोकत आलं.
एक थेंब, मग नाहीच,
मग तीन एकदम, घाई झाल्यासारखे.
यल्लाप्पानं व्होल्टेजला दोष दिला,
मी कंपनीला.

भिंतीपलीकडं तंबोऱ्याची जवारी चालली होती,
ती थांबली.
मकबूलभाई आले, हाताला लाखेचा वास,
चष्मा कपाळावर,
पंपापाशी उकिडवे बसले, डोळे मिटून.
"यात खडा वाजतोय," म्हणाले,
"कुठंतरी हवा घेतोय हा."
बोट पाइपवरून सरकत सरकत
दुसऱ्या जोडाशी थांबलं.
यल्लाप्पानं तिथं साबणाचा फेस लावला.
फेस आत ओढला गेला.
टेपचे दोन वेढे कमी पडले होते, बस्स.

पुन्हा खोलणं, पुन्हा तांब्या, पुन्हा बटण.
आता आवाज सरळ, सुतासारखा.
"काळी दोन का?" मी विचारलं,
माझं ज्ञान तेवढंच.
"त्याला कशाला पट्टी, सिस्टर.
शेजारी राहणारा बेसूर नको, एवढंच."
यल्लाप्पाला ते आपल्याबद्दल वाटलं.
चहा झाला तरी तो गप्प होता.

संध्याकाळी जुनं घड्याळ काढलं,
गणवेशावर उलटं टाचायचं ते.
अजून चालतं, दिवसाला चार मिनिटं मागं पडतं.
अबोलीला मिनिटाला वीस.
लिंबाला पस्तीस. कढीपत्ता हट्टी,
त्याचा ड्रिपर दोनदा पिळावा लागला.
भोपळ्याला चाळीस ठेवले.
एकच फळ धरलंय, खाली गवताची चुंबळ दिलीय.
पिकेल, वाळेल, मग मकबूलभाई टिचकी मारून बघतील,
नापास केलं तर माझ्याकडं राहील.

वहीत नोंद केली, सवयीनं, तक्त्यासारखी:
टाकी सहा बोटं कमी.
वेळ पाच चाळीस.
नळीत हवा नाही.
थेंब चालू.