नऊ नंबरचा भाऊ

लेडीजमध्ये आठच्या पुढे येत नाही, मॅडम.
हे मी गोखले रोडवर ऐकलंय,
जांभळी नाक्याला ऐकलंय,
मॉलमध्ये ऐकलंय, तिथे सोबत पाण्याचा ग्लासही मिळतो.
सांगणारा आधी पायांकडे बघतो,
मग चेहऱ्याकडे,
मग पुन्हा पायांकडे,
बेरीज चुकलीये आणि हातचा कुठे गेला
ते शोधत असल्यासारखा.

आई वर्तमानपत्रावर माझा पाय उभा करायची,
भोवती पेन्सिल फिरवायची. करंगळीपाशी गुदगुल्या व्हायच्या.
कागद घेऊन ती एकटीच बाजारात जायची.
मला वाटायचं, मला ऊन लागू नये म्हणून.
आठवीत तो पाय बातम्यांचे तीन रकाने ओलांडून
चौथ्यात गेला, तेव्हा ती म्हणाली, "पुरे आता."
मला म्हणाली की पायाला, कळलं नाही.

पायानं ऐकलं नाही.

मावसबहिणीच्या लग्नात, आठ नंबरच्या सँडलमध्ये
मी नऊ तास हसत उभी होते.
फोटोत छान दिसते.
फोटो कमरेपर्यंतच आहे.

कपड्यांचं वेगळं सांगत नाही.
बाही मनगटाच्या चार बोटं आधी संपते,
ट्रायल रूममध्ये तीन आरसे, तीन मी,
आणि बाहेरून कोणीतरी कडी वाजवतं.

मग एका वर्षी राम मारुती रोडमागच्या गल्लीत,
बोळाएवढ्या दुकानात,
मी जेन्ट्सच्या फळीकडे बोट दाखवलं.
काळे, साधे, लेसचे.
"कोणासाठी?" मुस्तकीमनं कानामागची पेन्सिल काढत विचारलं.
तोंडून निघून गेलं, भावासाठी.

मला भाऊ नाही.

तो तिथेच झाला, थेट नऊ नंबरचा,
खोक्यात, पातळ कागदात गुंडाळलेला.
पुढच्या वर्षी मुस्तकीमनं नाव विचारलं.
म्हटलं, निनाद.
त्याच्या पुढच्या वर्षी निनाद कळव्याहून
घोडबंदरला राहायला गेला. त्याची दाढ काढली.
"ते स्वतः का नाही येत कधी?"

म्हटलं, त्याला दुकानात अवघडल्यासारखं होतं.
म्हटलं, कोणी खाली बसून त्याचा पाय हातात घेतला
की त्याला माफी मागाविशी वाटते.
म्हटलं, दिवे फार असतात,
आणि आरसे नेमके पायांच्या उंचीवर.
म्हटलं, त्याला नको म्हणता येत नाही हो,
चार खोकी उघडून झाली की पाचवं तो घेऊनच टाकतो,
चावलं तरी.
पलंगाखाली सहा जोड पडलेत, एकदाही न घातलेले.

इतकं मी कोणाशीच बोलले नव्हते.
मुस्तकीम खोक्यावर काहीतरी लिहीत राहिला.
मान वर केली नाही.

यंदा मार्चमध्ये गेले. दुपार, दुकानात कोणी नाही.
त्यानं नऊ नंबरचा तपकिरी जोड काढला,
लेस सैल केल्या, जिभा वर ओढल्या,
आणि तो माझ्या स्टुलाजवळ ठेवला.
"ताई, या कंपनीचं माप जरा अरुंद येतं.
भावाला चावेल की काय, बघून घ्या."
मग शिडी ओढून, माझ्याकडे पाठ करून
तो वरची खोकी लावायला लागला.
ती लावलेलीच होती.

खालच्या आरशासमोर आज खोक्यांची चळत होती.
मी चप्पल काढली.
सहा पावलं गेले, सहा आले.
"कसं काय?" त्यानं भिंतीला विचारलं.
"डाव्या करंगळीला लागतंय," मी म्हटलं,
आणि जरा थांबून, "त्याच्या."

"साच्यावर चढवून ठेवतो. गुरुवारी या."
मग शिडीवरूनच, एक खोकं
पुन्हा त्याच जागी सरकवत:
"दोघंही या."